चाव्याचे वय

एकाच खोलीत चौघे झोपतात. सकाळी एकाच्या दंडावर रुपयाएवढ्या गांधी उठलेल्या असतात, दुसऱ्याच्या पायावर दोन बारीक पुळ्या दिसतात, तिसऱ्याची पापणी सुजून डोळा मिटलेला असतो. आणि चौथा, बहुधा घरातला सर्वांत वयस्कर माणूस, चहा पिता पिता सांगतो की मला डास चावतच नाहीत. मग कारणे शोधली जातात. कुणाचे रक्त गोड, कुणाचे बिघडलेले, कुणाची कातडी नाजूक, तर कुणाला म्हणे सवयच नाही. या साऱ्या उत्तरांत एक गोष्ट गृहीत धरलेली असते: ज्याला जास्त त्रास होतो त्याच्यात काहीतरी उणे आहे. मला हे पटत नाही. डासाच्या चाव्याची ॲलर्जी ही मूठभर दुर्दैवी लोकांना जडलेली व्याधी नाही. डासांच्या प्रदेशात राहणाऱ्या जवळजवळ प्रत्येकाच्या आयुष्यात ती कधी ना कधी येते, काही वर्षे राहते आणि बहुतेकांच्या बाबतीत ओसरते. त्या चौघांच्या अंगावर दिसणारा फरक हा मुख्यतः कोण या प्रवासात कुठवर पोचला आहे याचा फरक असतो.

आधी डास नेमके काय करतो ते पाहू. चावते ती फक्त मादी. अंडी वाढवण्यासाठी तिला रक्तातली प्रथिने लागतात. एरवी पोट भरायला नर-मादी दोघांनाही फुलांतला गोड रस पुरतो. तिच्या सोंडेत सहा अतिशय बारीक सुया असतात. एकीतून ती रक्त ओढते, दुसरीतून लाळ सोडते, आणि सगळी गोम त्या लाळेत आहे. रक्तवाहिनीला भोक पडले की ती आकसते आणि रक्त गोठू लागते. लाळेतली द्रव्ये ते होऊ देत नाहीत. ॲपायरेज नावाचे विकर प्लेटलेटना एकमेकींना चिकटू देत नाही, इतर काही रेणू वाहिनी सैल ठेवतात. डेंग्यू पसरवणाऱ्या एडिस इजिप्ती डासाच्या लाळेत अशी शंभराहून अधिक प्रथिने सापडली आहेत, पण माणसाला सुजवणे हे त्यांतल्या कुणाचेच काम नाही. उलट पत्ता लागू न देता जेवण उरकण्यातच मादीचे हित असते. मधमाशीचे विष पहिल्याच डंखाला आग आग करते, विंचवाचेही तसेच, कारण ती द्रव्ये इजा करण्यासाठीच असतात. डासाच्या लाळेचे तसे नाही. ज्या शरीराने ती कधी पाहिलेली नाही, त्यावर ती बहुधा खूणसुद्धा ठेवत नाही.

हे विधान ऐकायला विचित्र वाटते, पण त्याला आधार आहे. केनेथ मेलनबी हे ब्रिटिश कीटकशास्त्रज्ञ. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात शेफील्डमध्ये त्यांनी खरजेवर प्रयोग केले होते; तत्त्व म्हणून युद्धात उतरायला नकार दिलेल्या तरुणांनी त्यासाठी आपले अंग देऊ केले होते. याच मेलनबींनी १९४६ मध्ये 'नेचर' नियतकालिकात डासांच्या चाव्याला माणूस कसा प्रतिसाद देतो यावर एक लहानसा लेख लिहिला. एडिस इजिप्ती हा उष्ण प्रदेशातला डास. तो कधीच न चावलेली माणसे आपल्याकडे शोधूनही सापडायची नाहीत, इंग्लंडमध्ये ती सहज मिळाली. त्यांना तो पुन्हा पुन्हा चावू दिल्यावर जे दिसले त्याच्या पाच पायऱ्या मांडल्या गेल्या. सुरुवातीला काहीच नाही. मग चावा होऊन दिवस उलटल्यावर एक खाजरी पुळी. त्यानंतर चावताक्षणी गांधी आणि दुसऱ्या दिवशी पुळीही. पुढे पुळी यायची थांबते, फक्त गांधी उठते आणि तासाभरात विरते. आणि शेवटी पुन्हा काहीच नाही. गांधी उठते ती आयजीई या प्रतिपिंडांमुळे: ती मास्ट पेशींवर बसलेली असतात, लाळेतले प्रथिन ओळखताच त्या पेशी हिस्टामिन सोडतात. उशिरा येणारी पुळी हे प्रामुख्याने पांढऱ्या पेशींचे काम. ही सगळी ओळख शरीराला शिकावी लागते आणि पुरेशा चाव्यांनंतर शरीर ती मनावर घेणे सोडून देते. या क्रमातली पहिली आणि शेवटची पायरी बाहेरून अगदी एकसारखी दिसते, आणि आपले बरेचसे गैरसमज तिथूनच निघाले आहेत असे मला वाटते.

आता या पायऱ्या माणसाच्या आयुष्यावर पसरून पाहा. काही महिन्यांच्या बाळाला डास चावतात, पण पुष्कळदा अंगावर फारसे काही उमटत नाही. घरचे म्हणतात, बाळाला डास लागत नाहीत. तेच बाळ चालू लागले की पायांवर पुळ्या दिसू लागतात. साधारण दोन ते दहा ही वर्षे सर्वांत वाईट. या वयातल्या ज्या मुलांची प्रतिक्रिया फार तीव्र असते, त्यांच्या अंगावर टणक, कमालीच्या खाजऱ्या पुळ्यांचे झुबके येतात आणि आठवडेच्या आठवडे टिकतात. एखाद्या नव्या चाव्याने जुन्या, सुकलेल्या पुळ्याही पुन्हा फुगतात. त्यामुळे आईवडिलांची खात्री पटते की हे डासांचे काम नव्हेच. मग वांगी बंद होतात, अंडी बंद होतात, उष्णता बाहेर पडते आहे असे कुणीतरी सांगते, आणि रक्तशुद्धीची बाटली घरात येते. आणखी काही वर्षांनी त्रास आपोआप ओसरतो आणि श्रेय बाटलीला मिळते! कॅनडातल्या मॅनिटोबात झालेल्या तपासण्यांत मुलांच्या रक्तातली डासाच्या लाळेविरुद्धची प्रतिपिंडे वाढत्या वयाबरोबर घटत जाताना दिसली. म्हणजे दहावीतल्या मुलीला जे होत नाही आणि तिच्या पाच वर्षांच्या भावाला जे होते, त्याचे उत्तर दोघांच्या रक्ताच्या गोडीत शोधण्याचे कारण नाही.

यावर एक आक्षेप येईल आणि तो रास्त आहे. काही माणसांना डास खरोखरच जास्त चावतात, मग सगळे ओझे शरीराच्या शिकण्यावर कसे टाकता? डास काही जणांकडे जास्त ओढले जातात हे अगदी खरे आहे. लंडनमधल्या संशोधकांच्या, २०१५ साली प्रसिद्ध झालेल्या जुळ्यांच्या अभ्यासात एकसारख्या जुळ्या बहिणी डासांना जवळजवळ सारख्याच आवडल्या, एकसारख्या नसलेल्या जुळ्यांत मात्र फरक पडला; म्हणजे अंगाच्या वासाचा काही भाग जन्मतःच ठरतो. न्यूयॉर्कच्या रॉकफेलर विद्यापीठात २०२२ मध्ये दिसून आले की ज्यांच्या त्वचेवर कार्बोक्झिलिक आम्ले जास्त असतात त्यांच्याकडे एडिस जास्त जातो. तेव्हा डासांचा लाडका माणूस ही कल्पना भाकड नाही. फक्त लाडकेपणाचा उगम कातडीवर आहे. पण किती चावे बसले हा एक प्रश्न, आणि प्रत्येक चाव्यावर शरीराने किती आकांत केला हा दुसरा. डासांचा अत्यंत लाडका माणूस पाचव्या पायरीवर असेल तर त्याला कळणारही नाही. आपण मात्र गांधी मोजतो आणि चावे मोजले असे समजतो.

हा घोटाळा घरातल्या गप्पांपुरता असता तर त्यावर एवढे लिहिण्याचे कारण नव्हते. पण तो दवाखान्यातही पोचतो. १९९९ मध्ये विनिपेगमधल्या एस्टेल सिमन्स आणि झिकांग पेंग या ॲलर्जीतज्ज्ञांनी लहान मुलांच्या एका त्रासाचे वर्णन केले आणि त्याला 'स्कीटर सिंड्रोम' हे नाव दिले. डासाला तिकडच्या बोलीत स्कीटर म्हणतात. एक चावा, आणि काही तासांत अख्खा हात किंवा चेहऱ्याची एक बाजू लाल, गरम, टम्म सुजलेली, कधी सोबत ताप. पाहणाऱ्याला वाटते की जंतुसंसर्ग झाला. दोहोंत फरक करण्याची मोठी खूण आहे ती वेळ. ॲलर्जीची सूज तासांच्या हिशेबात येते आणि तिथे खाज प्रमुख असते. जंतूंना वाढायला अवधी लागतो, त्यांची सूज बहुधा दिवसांच्या हिशेबात पसरते आणि ठणकते. ही खूण ठाऊक नसली की मुलाच्या हाती अँटिबायोटिकची बाटली पडते. आपल्याकडे आणखी एक अडचण आहे, तिच्याविषयी फारसे कुणी बोलत नाही. पुस्तकांतली चित्रे गोऱ्या कातडीची. सावळ्या त्वचेवर लाली नीट दिसत नाही, ती जांभळट किंवा नुसती काळसर वाटते. आणि पुळी बरी झाल्यावर मागे राहणारे काळे डाग मात्र महिनोन्महिने दिसतात. मुलीच्या पायांवरच्या त्या डागांचे घरात जेवढे दुःख होते, त्याच्या निम्मीही चौकशी मूळ पुळीची झालेली नसते.

शरीराने शिकलेले पुसलेही जाते, आणि याचा अनुभव परदेशी स्थायिक झालेल्या कितीतरी मराठी कुटुंबांना येत असतो. दहा-पंधरा वर्षे बाहेर काढलेला माणूस पावसाळ्यात गावी येतो आणि त्याच्या पोटऱ्या सुजतात. तिकडे जन्मलेल्या मुलांची अवस्था तर पाहवत नाही. नातेवाईक हसतात, तिकडे राहून नाजूक झालात म्हणतात. नाजूकपणाचा इथे संबंध नाही. चावे थांबले की सहनशीलता ओसरू शकते. शिवाय डासांच्या जातीजातींच्या लाळेत काही प्रथिने सामाईक असली तरी काही ज्याची त्याची स्वतंत्र असतात, त्यामुळे एका मुलखातला सराव दुसऱ्या मुलखात पुरा उपयोगी पडत नाही. गावात सबंध बालपण काढलेला माणूस टोरांटोच्या पहिल्या उन्हाळ्यात हैराण होऊ शकतो तो यामुळेच. त्याला तिथे कुणी नाजूक म्हणत नाही एवढेच.

सर्वांत अवघड आक्षेप यापुढचा आहे. चावे खाऊनच त्रास संपणार असेल तर मुलांना खुशाल चावू द्यावे, मच्छरदाण्या नि मलमे कशाला? युक्तिवाद म्हणून हे बिनतोड वाटते. पण सहनशीलता येते ती फक्त लाळेविषयी. लाळेबरोबर शरीरात शिरणारा डेंग्यूचा किंवा चिकुनगुन्याचा विषाणू, हिवतापाचा परजीवी, यांना त्या सहनशीलतेशी काही देणेघेणे नसते. पुरंदर तालुक्यातल्या बेलसर गावात २०२१ मध्ये महाराष्ट्रातला पहिला झिकाचा रुग्ण सापडला. तो विषाणूही एडिसच वाहतो. मग उलट बाजूने कुणी म्हणेल की जोरदार सूज म्हणजे जोरदार प्रतिकार, तेव्हा सुजणाऱ्याचे तरी रक्षण होत असेल. तसाही पुरावा नाही. २०१६ मध्ये उंदरांवर झालेल्या प्रयोगांत चाव्याच्या जागी होणारा दाह विषाणूच्या पथ्यावरच पडला: दाहामुळे तिथे धावून आलेल्या पेशींतच विषाणू वाढला आणि आजार बळावला. उंदीर म्हणजे माणूस नव्हे, हे मान्य. तरीही सूज ही ढाल आहे असे मानण्याचा धीर त्यानंतर होऊ नये. खाज येत नाही म्हणून संध्याकाळी ओट्यावर उघड्या अंगाने बसणारे आजोबा आणि गांधींनी भरलेला नातू यांच्यात विषाणूच्या दृष्टीने डावे-उजवे काहीच नाही. मला तर आजोबांचीच काळजी जास्त वाटते, कारण त्यांना कुणी उठवून आत नेत नाही.

उपायांचे फार पाल्हाळ लावण्यासारखे नाही. थंड पाण्याची पट्टी, कापलेली नखे, खाजेवर साधी गोळी, आणि तीव्र प्रतिक्रियेला डॉक्टरांनी ठरवून दिलेले स्टेरॉइडचे मलम. फिनलंडमध्ये उन्हाळ्यात डासांचे थवे उठतात. तिथे टिमो रेउनाला यांच्या गटाने १९९० च्या दशकात दाखवून दिले की ज्यांना चाव्याचा फार त्रास होतो त्यांनी सेटिरिझिन आधीच घेतली तर गांधी आणि खाज दोन्ही घटतात. गोळी खाज सुटण्याआधी घेण्यात अर्थ आहे, ही गोष्ट आपल्याकडे फार कमी जणांना माहीत असते. चुना लावू नये, तो भाजतो. नखांनी फोडलेल्या पुळीत जंतू गेले तर मात्र ते प्रकरण ॲलर्जीचे राहत नाही. काही जंतूंच्या अशा त्वचेच्या संसर्गानंतर मुलांच्या मूत्रपिंडांना सूज येऊ शकते. चाव्याच्या जागी व्रण पडून दर वेळी खूप ताप येत असेल, किंवा चाव्यानंतर अंगभर पित्त उठून श्वास लागत असेल, तर ती नेहमीच्या पाच पायऱ्यांबाहेरची, दुर्मीळ गोष्ट आहे. श्वास लागल्यास तडक रुग्णालय गाठावे. बाकी सर्वांसाठी एकच विनंती आहे. मुलाचा हात किंवा डोळा सुजला की चावा साधारण किती वाजता झाला, सूज किती वाजता दिसली आणि मूल खाजवते आहे की दुखते म्हणून रडते आहे, या तीन गोष्टी कागदावर लिहून मगच डॉक्टरांकडे जा.