गोड बोलण्याचे मोल

संक्रांतीला तिळगूळ देऊन आपण गोड बोलण्याची विनंती करतो. नोकरीच्या जाहिरातीत हीच विनंती अट होऊन बसते : 'सॉफ्ट स्किल्स' हवीत!

हा शब्द घडला मात्र अमेरिकन सैन्यात. १९७२ साली त्यावर तिथे चक्क परिषद भरली होती. यंत्रांशी ज्यांचा फारसा संबंध येत नाही, ती कौशल्ये मऊ! रणगाड्यापेक्षा माणूस मऊ, असे सेनापतींना वाटले असेल, तर त्यांनी माणसे कमी पाहिली असावीत.

माझी पुतणी एका बँकेत खिडकीवर बसते. तिचे साहेब म्हणतात, "हल्लीच्या मुलांना संगणक येतो, माणसांशी बोलता येत नाही." पुतणीचे म्हणणे वेगळेच. "काका, संतापलेल्या गिऱ्हाइकांपुढे दिवसभर हसायचं, आणि पगारवाढीच्या वेळी ऐकायचं, तुझा स्वभावच गोड आहे!"

साहेबांचे मला पटते. पुतणीचे अधिक पटते. मागताना जे कौशल्य असते, ते मोल देताना स्वभाव कसे होते? समाजशास्त्रज्ञ आर्ली होक्शिल्ड यांनी १९८३ साली विमानातल्या सेविकांविषयी लिहिताना अशा हसण्याला श्रमच म्हटले. दिवाळीत कंबर मोडलेली असताना हसतमुखाने फराळाचे ताट पुढे करणाऱ्या गृहिणीला यात नवल वाटणार नाही.

मऊ म्हणून फुकट? लोणीही मऊच असते; पण कोणता गवळी ते फुकट देतो?