मनमाडचा मालधक्का

रेल्वेच्या मालकीचा इतिहास अभ्यासक राजपत्रांत आणि करारनाम्यांत शोधतात. आम्हा भावंडांना तो वाघिणींच्या अंगावर वाचावयास मिळाला. वडील रेल्वेच्या माल कार्यालयात कारकून असल्यामुळे सत्तरच्या दशकातील आमचे बालपण मनमाडच्या रेल्वे वसाहतीत गेले. रविवारची मिस्सा आटोपली की आम्ही स्थानकाच्या पुलावर जाऊन उभे राहत असू. खालून मालगाडी सरकू लागली म्हणजे प्रत्येक वाघिणीवरील अक्षरे मोठ्याने वाचावयाची, हा आमचा खेळ. 'मरे' म्हणजे मध्य, 'परे' म्हणजे पश्चिम आणि पलीकडच्या अरुंद रुळांवर 'दमरे' म्हणजे दक्षिण मध्य. जुन्या रुळांचे तुकडे पुरून केलेल्या कुंपणावर क्वचित 'जी.आय.पी.' ही अक्षरेही सापडत. अशा वेळी वडील थांबून त्यामागची हकिगत सांगत.

मनमाडला दोन निराळ्या मालकांचे लोहमार्ग येऊन मिळाले होते. मुंबईहून भुसावळकडे जाणारा रुंद मार्ग ग्रेट इंडियन पेनिन्सुला कंपनीचा. १९०० च्या सुमारास हैदराबादहून गोदावरीच्या खोऱ्यातून आलेला मीटर मार्ग निजामाच्या हमीवर उभ्या राहिलेल्या कंपनीचा. पहिल्या कंपनीचा कारभार १९२५ साली सरकारने हाती घेतला; दुसरी १९३० साली निजाम सरकारने विकत घेतली. पुढे ५ नोव्हेंबर १९५१ रोजी दोन्ही मध्य रेल्वेत विलीन झाल्या. १९६६ च्या ऑक्टोबरात दक्षिण मध्य रेल्वे स्थापन झाली आणि मीटर मार्ग पुन्हा वेगळ्या घरी गेला.

या साऱ्या घडामोडींत पाट्या बदलल्या, शिक्के बदलले, वडिलांच्या कचेरीतील छापील नमुने बदलले. मालधक्क्यावरचे काम मात्र तसूभरही बदलले नाही. एका मार्गाच्या दोन रुळांतील अंतर १६७६ मिलिमीटर, दुसऱ्याचे १०००. सुमारे सव्वादोन फुटांचा हा फरक कोणत्याही करारनाम्याने मिटणारा नव्हता. मराठवाड्यातून आलेली वाघीण मनमाडला थांबे आणि तिच्यातील माल समोरच्या रुंद वाघिणीत माणसांच्या पाठीवरून जाई. कापसाच्या गाठी, ज्वारीची पोती इकडे; सिमेंट, खते, मीठ तिकडे. मे महिन्याच्या उन्हात फळीवरून धावणाऱ्या त्या अनवाणी पायांचा आवाज आमच्या कानांत अजून आहे. एका वयस्क हमालांना आम्ही मामा म्हणत असू. वडील एकदा त्यांना जुन्या कंपन्यांविषयी विचारीत होते. मामा म्हणाले, "साहेब, कंपनी कुणाची का असंना, पोतं आमच्याच पाठीवर."

मराठवाड्यातील जनतेला मात्र हा खोळंबा जाचत होता. मालाची चढउतार म्हणजे वेळ, खर्च आणि नासाडी. रुंद मार्गासाठी तेथे वर्षानुवर्षे आंदोलने झाली. अखेर १९९२ साली मनमाड ते औरंगाबाद, म्हणजे आताचे छत्रपती संभाजीनगर, हा टप्पा रुंद झाला. त्याच वर्षी देशभर एकच गेज आणण्याची योजनाही सुरू झाली. ती मागणी न्याय्य होती, हे आम्हांला तेव्हाही पटत होते. परंतु ज्या मालधक्क्याला चार मालक बदलूनही धक्का लागला नव्हता, तो रुळांचे अंतर बदलताच निःशब्द झाला. काही हमालांना अन्नधान्याच्या गोदामांत काम मिळाले, काही गाव सोडून गेले. मामांचे पुढे काय झाले, हे वडिलांनाही समजू शकले नाही.

मनमाड आजही गजबजलेले जंक्शन आहे. दौंडकडून, भुसावळकडून, मराठवाड्यातून गाड्या येतात आणि मार्ग मोकळा होण्याची वाट पाहत उभ्या राहतात. मालकीही पुन्हा बदलू लागली आहे. कंटेनरच्या वाहतुकीसाठी १९८८ साली सरकारी महामंडळ स्थापन झाले; २००६ साली खासगी कंपन्यांनाही कंटेनर गाड्या चालविण्याची मुभा मिळाली. आता वाघिणींवर नवनवी नावे दिसतात आणि आमची नातवंडे ती वाचतात. आत काय आहे, असे ती विचारतात, तेव्हा आम्हांला उत्तर देता येत नाही. बंदरात लावलेले कुलूप मुक्कामाला पोहोचेपर्यंत उघडत नाही. मधल्या कोणत्याही गावाला त्या मालाचा वास येत नाही, की वजन समजत नाही.

मालाची ने-आण सुलभ झाली, ती व्हावयासच हवी होती. तरीही रेल्वेच्या प्रगतीचा हिशेब मांडणाऱ्यांनी त्यात एक रकाना अधिक ठेवावा, असे आम्हांस वाटते. जवळपास नव्वद वर्षे ते सव्वादोन फूट अंतर ज्यांनी पाठीवरून पार केले, त्यांच्यासाठी तो असावा. कुंपणावरच्या रुळांना निदान मालकाची अक्षरे तरी होती.