तेलाची वसुली

शर्यतीच्या गाडीचं इंजिन आणि बँकेची शाखा यांत फरक एवढाच, की इंजिन बुडताना आवाज येतो.

अमेरिकेतल्या भाच्याने आपल्या गाडीला ‘ड्राय संप’ बसवायचा ठरवला आणि खर्चाचं अंदाजपत्रक मला तपासायला धाडलं. मी बी.कॉम.! पण वाचलं आणि वाटलं, अहो, हे तर आपलंच खातं!

साध्या इंजिनात तेल तळाच्या परातीत असतं. गाडी भरधाव वळली की ते एका कडेला पळतं, पंप हवा ओढतो आणि बेअरिंग जळतात. म्हणजे शाखेत रोकड आहे, पण कॅशियरच्या हाती नाही! म्हणून तेल वेगळ्या टाकीत ठेवायचं. १९६४ सालच्या पोर्शे ९११ मध्येही तेच होतं. एक पंप वाटप करतो, बाकीचे वसुली. वसुलीची ताकद जास्त लागते, कारण तेलाबरोबर हवाही येते. हे बँकवाल्याला का सांगायला हवं?

काटकसर म्हणून भाचा परात स्वतः वेल्डिंग करणार होता; पंप नॅस्कारच्या शर्यतीत वापरलेला, पण उघडून तपासलेला. तिथे मी मुकाट सही केली. मात्र टाकी लहान आणि नळ्या बारीक दिसताच लाल शाई काढली. फेस बसायला टाकीत जागा हवी. फेसाने ताळेबंद फुगतो. बेअरिंग वाचत नाही.

आणि तेलदाबाचा काटा डोळ्यांसमोर हवा. तो पडला की इंजिन आधी बंद करायचं, कारण मग शोधायचं. आमच्याकडे आधी समिती नेमतात.