गुण कोणाच्या जिभेचे?

'मानवी परीक्षकाच्या चुकांपासून मुक्त यंत्रणा.' आमच्या यंत्राच्या सादरीकरणातलं हे वाक्य आठवलं की आजही माझं डोकं फिरतं. समोर चहा कंपनीची मंडळी बसली होती. ज्यांच्या चुका निघत होत्या ते चहा चाखून गुण देणारे परीक्षक, आमचे दादा, शेवटच्या रांगेत.

एमएस्सी झाल्यावर मी कोलकात्याच्या एका प्रयोगशाळेत इलेक्ट्रॉनिक जिभेच्या, म्हणजे चव मोजणाऱ्या यंत्राच्या, कामावर लागले. अशा यंत्रांचं एक घराणं जपानच्या क्यूशू विद्यापीठातले कियोशी टोको यांचं, त्यांचे संवेदक मेदपटलांचे. आमचं यंत्र दुसऱ्या घराण्यातलं, सोनं, प्लॅटिनम, इरिडियम अशा धातूंच्या इलेक्ट्रोडचं. इलेक्ट्रोड चहात बुडवायचे, व्होल्टेज बदलत न्यायचं आणि प्रवाह मोजायचा. चहातली कॅटेचिनं आणि थिॲफ्लेविनं इलेक्ट्रोडला इलेक्ट्रॉन देतात. त्या प्रवाहाचा आलेख हीच यंत्राची चव.

सोपी कामं ते चुटकीसरशी करायचं. प्रत्येक नमुन्याच्या मोजमापाचा एक ठिपका मांडला की गवती चहा, कॅमोमाइल, लाल अंबाडीच्या बोंडांचा आंबट अर्क, यांचे ठिपके खऱ्या चहापासून लांब पडायचे. ग्रीन टी आणि काळा चहाही वेगळे दिसायचे. गोची व्हायची ती आसामच्या आणि उत्तर बंगालातल्या डुआर्सच्या सीटीसी, म्हणजे दाणेदार, चहात. ठिपके एकमेकांवर!

तिथे दादाच लागायचे. आयएसओच्या पद्धतीप्रमाणे 100 मिलिलिटर उकळत्या पाण्याला 2 ग्रॅम पत्ती, 6 मिनिटं झाकण. दादा चमचा तोंडाशी नेऊन सुर्रकन मोठा आवाज करत घोट ओढायचे, क्षणभर तोंडात घोळवून थुंकदाणीत टाकायचे आणि म्हणायचे, "ब्रिस्कनेस सात. बॉडी सहा." ब्रिस्कनेस म्हणजे तरतरी, बॉडी म्हणजे भरीवपणा. मी वहीत लिहून घ्यायचे. हेच गुण आम्ही संगणकाला शिकवले.

आता सांगा, यंत्र अचूक आहे हे आम्ही ठरवलं कशावरून? दादांच्या गुणांच्या जवळ गेलं की अचूक. दादा सात म्हणाले आणि यंत्र पाच, तर चूक यंत्राच्या खात्यात. मग दादांच्या चुकांपासून ते मुक्त कसं? त्यांच्या काही चुका असतील तर त्याही ते शिकलं असणार! अहवालात मात्र दादांचं नाव कुठेच नाही. 'संदर्भ गुण' असा एक रकाना, बस. इलेक्ट्रोड पुरवणाऱ्या कंपनीचे आभार मात्र आवर्जून मानलेले.

इलेक्ट्रोडवर चहाचा तपकिरी थर बसायचा, ॲल्युमिना पावडरने ओल्या कापडावर घासल्याशिवाय तो जायचा नाही. थर बसला की तोच चहा सकाळी एकीकडे आणि दुपारी दुसरीकडे दिसायचा. त्याची स्लाइड कुणी केली नाही.

तरीही हे यंत्र नको असं मी म्हणणार नाही. दादांना सर्दी झाली की आमचं काम ठप्प व्हायचं. छोट्या कारखान्यात, रात्रपाळीला, परीक्षक आणायचा कुठून? तिथे हे यंत्र हवंच, आणि ते बनवण्यात माझाही हात आहे याचा मला अभिमान आहे.

दादांना मी तावातावाने म्हटलं, "तुमचं नाव गाळलं, तुम्ही बोला ना!" ते हसले. "अगं, नाव छापलं असतं तर ज्यांचा चहा पाच गुणांवर बसला ते माझ्याशी भांडायला आले असते." माझ्या रागातली हवाच गेली. पण त्यांना चाललं म्हणून ते योग्य होतं, हे मला पटत नाही.

म्हणून एक विनंती. कुठलंही यंत्र इतके टक्के अचूक आहे असं ऐकलंत की विचारा, कोणाशी ताडून? उत्तरात माणूस निघाला तर त्याचं नाव अहवालात हवं. नाव नको असेल, तर निदान चांगलं मानधन तरी द्या.