आसाचा बूट

ज्या वस्तूचे नाव ती फाटेपर्यंत घरात कोणासही ठाऊक नसते, अशा वस्तूंची एक स्वतंत्र ज्ञाती मानावयास हरकत नाही. नळातील वॉशर, चष्म्याच्या काडीतील सूक्ष्म स्क्रू, स्टोव्हच्या पंपातील कातड्याची चकती ही सारी मंडळी त्याच ज्ञातीतली. या यादीत आम्ही गेल्या उन्हाळ्यात आणखी एक नाव दाखल करून घेतले. गाड्या दुरुस्त करणारे लोक त्याला 'एक्सल बूट' म्हणतात. आसाच्या सांध्यावर चढविलेली ती रबराची घड्याघड्यांची पिशवी असते. पायातल्या बुटाशी तिचे साम्य इतकेच की, आत जे नाजूक आहे त्याला चिखल लागू न देणे हे दोघांचेही काम.

आमच्या घरी हा बूट एका विचित्र वाहनाबरोबर आला. पोलादपुराहून महाबळेश्वराकडे चढणारा जो आंबेनळीचा घाट, त्याच्या पायथ्याच्या अंगाला आमच्या वडिलार्जित जमिनीचा एक उतरता तुकडा व त्यावर एक कौलारू घर आहे. डांबरी सडकेपासून तेथवर दीड मैलाची चढण. २०२१ च्या जुलै महिन्यात सावित्रीने महाड शहर बुडविले, तळिये गावावर दरड कोसळून ऐंशीहून अधिक माणसे गेली, आणि पोलादपूर तालुक्यात केवनाळे व साखर-सुतारवाडी येथेही तसाच घाला पडला, हे वाचकांच्या स्मरणात असेलच. त्या आकांतापुढे आमच्या कुटुंबावर आलेला प्रसंग सांगण्याजोगादेखील नव्हे. महाडच्या भाड्याच्या जागेत पाणी शिरून सामान गेले, एवढेच. पण आमच्या कैलासवासी थोरल्या बंधूंच्या पत्नी, म्हणजे आमच्या वहिनी, त्या दिवसापासून नदीकाठी राहावयास राजी होईनात. "भावजी, मला आता वरच्या घरी नेऊन ठेवा," असा त्यांनी ध्यास घेतला. पुराला भिऊन डोंगरावर जावे तर दरडीचे भय, हे त्यांस समजत नव्हते असे नाही. परंतु जे भय डोळ्यांनी पाहिले ते न पाहिलेल्या भयाहून मोठे वाटावे, हा मनुष्यस्वभावच आहे.

वरच्या घराकडे जाणारी गाडीवाट त्याच पावसात दोन ठिकाणी खचली होती. जीप जाईना, वहिनींचे गुडघे तर मुळीच जाईनात. तेव्हा आमच्या पुतण्याने कोठल्याशा समुद्रकिनाऱ्यावर प्रवाशांना वाळूतून हिंडविण्याच्या धंद्यातून निवृत्त झालेली एक 'ए. टी. व्ही.' विकत आणली. फटफटीचे हँडल, तसेच खोगिरासारखे आसन, आणि खाली ट्रॅक्टरच्या पोरांनी भेट दिल्यासारखी चार फुगीर चाके, असे तिचे ध्यान आहे. या जातीची पहिली गाडी जपानच्या होंडा कंपनीने १९७० साली अमेरिकेत विकावयास काढली तेव्हा तिला तीनच चाके होती. त्या तीनचाकी फार उलटू लागल्या, म्हणून १९८८ साली तेथील सरकारशी झालेल्या समझोत्याने त्यांची विक्री बंद होऊन चारचाकीच काय ती राहिली. पहिल्या दिवशी वहिनींनी तिला हळदकुंकू वाहिले व डोळे घट्ट मिटून त्या मागल्या आसनावर बसल्या. आज त्या बाजारच्या दिवशी तीवरून सडकेपर्यंत येतात, तेथून रिक्षाने पोलादपूर गाठतात, दर महिन्यास महाडच्या डॉक्टरांकडे जातात. आणि शेणखत, तांदूळ, गॅसची टाकी, सारे त्याच वाहनावरून चढते.

मे महिन्याच्या अखेरीस आम्ही तेथे गेलो असता पुतण्या गाडी धूत होता. पुढल्या डाव्या चाकाच्या आतल्या बाजूस काळ्या ग्रीसचे शिंतोडे गोलाकार उडालेले त्याने दाखविले. बूट फाटला होता. करवंदीच्या जाळीतला एखादा खुंट लागला असावा. भोक बोटभरच, पण चाक फिरताना आतले ग्रीस त्यातून भिरकावले जाते आणि त्याच वाटेने धूळ व खडे आत जातात. गाडी मात्र पूर्वीप्रमाणेच चालत होती. आवाज नाही, हिसका नाही. आम्हांस या गोष्टीचे अधिक नवल वाटले.

आमच्या आजोबांची बैलगाडी आम्ही लहानपणी पाहिली आहे. तिच्या साटीखाली वंगणाचे नळकांडे लोंबत असे, आणि त्यात एरंडेल तेलात काजळी कालवून केलेले वंगण. आस उघडा, तुंबा उघडा. धूळ आत जावयाचीच. म्हणून दूर जावयाचे तर चाक काढून वंगण घालणे हा बैलांना पाणी दाखविण्याइतकाच ठरलेला विधी होता. त्यात हयगय झाली की चाक कुरकुरू लागे, आणि ती कुरकुर अर्ध्या कोसावरून ऐकू येई. जुनी गाडी आपले दुखणे ताबडतोब बोलून दाखवी. नव्या सांध्याला कारखान्यात एकदा ग्रीस भरून जो बूट चढवितात, तो शाबूत आहे तोवर वर्षानुवर्षे त्याच्याकडे कोणी ढुंकून पाहत नाही. आणि बूट फाटल्यावरही सांधा मुकाट्याने झिजत राहतो. वळणावर 'कट्-कट्' असा आवाज येऊ लागतो तेव्हा बहुधा आतले पोलाद खडबडीत होऊन गेलेले असते, आणि मग नवा बूट घालून काही उपयोग होत नाही. रोजची राखण वाचली हे खरेच; पण तिच्याबरोबर रोज पाहण्याची सवयही गेली.

हा सांधा आहे मोठा बुद्धीचा. पुढल्या चाकाला इंजिनाने फिरवावयाचे आणि त्याच चाकाने डावीउजवीकडे वळावयाचे व खाचखळग्यांत वरखालीही व्हावयाचे, म्हणजे आस मध्येच वाकला पाहिजे व वाकूनही फिरत राहिला पाहिजे. रॉबर्ट हूक या इंग्रज शास्त्रज्ञाच्या नावाने सतराव्या शतकापासून ओळखला जाणारा जो चौफुलीचा सांधा, तो वाकून फिरतो, पण एकसारखा फिरत नाही. एका फेऱ्यात दोनदा पुढे धावतो व दोनदा मागे रेंगाळतो. ही खोड आल्फ्रेड र्झेपा नावाच्या अभियंत्याने १९२० च्या दशकात काढून टाकली. एका वाटीत खाचा, त्या खाचांत पोलादाच्या सहा गोळ्या, आणि गोळ्यांना जागेवर ठेवणारा एक पिंजरा. दोन्ही दांड्यांमध्ये जो कोन होतो त्याला बरोबर दुभागणाऱ्या पातळीत गोळ्या सदैव राहतात, म्हणून दोन्ही बाजूंचा वेग सारखा. आपल्याकडच्या अँबॅसडर व पद्मिनी या गाड्यांत इंजिन मागली चाके ओढी, तेथे या सांध्याचे कारण पडत नसे. १९८३ च्या डिसेंबरात मारुती ८०० रस्त्यावर आली आणि तिच्या पुढल्या चाकांबरोबर हा रबरी बूट मध्यमवर्गाच्या दारात येऊन पोचला. या चौचाकीची चारही चाके ओढणारी, प्रत्येक आसाला दोन सांधे. म्हणजे आठ बूट. पोलादपुरात राहून पोलादाचे रक्षण रबराने करावयाचे, असा एकंदर मामला!

आता तो बदलावयाचा कसा? या जातीच्या बहुतेक गाड्यांना आपल्याकडे सार्वजनिक रस्त्यावर चालविण्याची नोंदणी मिळत नाही, तेव्हा महाडपर्यंत न्यावयाची तर सडकेवर टेम्पो आणून त्यात चढविली पाहिजे. तेथील एका गॅरेजात विचारले, त्यांनी सबंध आसच बदला म्हणून सांगितले. दुसऱ्याने जूनअखेर या म्हटले. जूनअखेर! मृगाचा पाऊस लागला की आमच्या वाटेवरची लाल माती खिरीसारखी होते, आणि त्या खिरीत उघडा सांधा महिनाभर घोळवावयाचा म्हणजे श्रावणात वहिनी वर अडकून पडणार हे निश्चित. बूट शेकड्यांत मिळतो; सांध्याचा हिशेब हजारांत जातो; आणि पावसाळ्यात वाटेत बंद पडलेल्या गाडीचा हिशेब कशात करावयाचा?

पुतण्याच्या मित्राने सायकलच्या ट्यूबची पट्टी गुंडाळून तारेने आवळण्याची सूचना केली. दुसऱ्या कोणी उभा चिरलेला बूट आणून डिंकाने चिकटविण्याचा उपाय सांगितला. त्यात आस उतरविण्याची खटपट वाचते. खाली वस्तीत एस. टी. च्या कार्यशाळेतून निवृत्त झालेले एक मिस्त्री राहतात. त्यांनी दोन्ही सूचना शांतपणे ऐकून घेतल्या. मग म्हणाले, "प्रोफेसरसाहेब, पट्टीवर गाडी घरी येते, पावसाळा निघत नाही. आणि चिकटवलेला बूट वर्षभर टिकेलही; पण आत गेलेली माती तो आतच कोंडून ठेवील. सांधा धुतल्याशिवाय बूट घालायचा तरी कशाला?" तीस वर्षे इंग्रजी निबंधाचे मर्म मुलांना समजावून देत आलेल्या आम्हांस मुद्द्यावर बोट ठेवण्याची ही हातोटी हेवा करण्यासारखी वाटली.

नवा बूट मुंबईहून पार्सलने आला. सोबत दोन पोलादी पट्टे, एक सर्क्लिप व काळ्या ग्रीसची पुडी. रविवारी सकाळी अंगणात काम सुरू झाले. चाकांना दगडांचे अडसर लावून गाडी जॅकवर चढविली आणि जॅकवर विश्वास नको म्हणून खाली फणसाचा ओंडका सारला. चाक निघाले. कॉटर पिन सरळ करून ओढली, मधला मोठा नट सोडविला. ब्रेकचा कॅलिपर उतरवून मिस्त्रींनी तो तारेने वर टांगला. नळीवर लोंबकळत ठेवला तर नळी आतून तुटते, असे पुतण्यास बजावले. वरच्या भुजेचा बोल्ट काढल्यावर चाकाचा सांगाडा बाहेर कलंडला आणि आसाचे बाहेरचे टोक मोकळे झाले. आतले टोक गियरच्या पेटीत एका लहानशा कड्याने अडकलेले असते. ते वाकडेतिकडे न करता, सरळ रेषेत, एकाच हिसक्याने ओढावयाचे. पहिल्या दोन हिसक्यांना दाद मिळाली नाही. तिसऱ्याला आस व पुतण्या दोघेही अंगणात आले.

आमच्याकडे विजेरी धरण्याचे व गाडीबरोबर आलेली इंग्रजी पुस्तिका वाचून अर्थ सांगण्याचे काम होते. तिच्यात एके ठिकाणी सांध्याची 'तपासणी करावी' इतकेच होते. कशी, ते नव्हते. मिस्त्रींनी फाटका बूट चाकूने कापून टाकला, ग्रीस पुसून काढले आणि त्यातले थोडे अंगठा व तर्जनी यांमध्ये चोळून आमच्यापुढे धरले. "बघा." आम्ही चोळून पाहिले. लोण्यात रांगोळी कालवावी तशी खर लागली. लाकडी मोगरीने बेताने ठोकून सांधा आसावरून सोडविला, रॉकेलच्या घमेल्यात तीनदा धुतला, आणि मग सहाही गोळ्या एकेक करून, पिंजऱ्यातून काढून, एका जुन्या पंचावर मांडल्या. या क्षणी अंगणात कोणी बोलले नाही. गोळ्यांवर वा खाचांत खळगे पडले असते तर सगळी मेहनत फुकट होती. मिस्त्रींनी चष्मा कपाळावर चढवून प्रत्येक गोळी उन्हाकडे धरली, खाचांतून नख फिरविले. एका खाचेत मळकट रेघ दिसली, पण नखाला अडली नाही. "वाचला," ते म्हणाले. वहिनी ओटीवर बसून तांदूळ निवडीत होत्या. त्यांनी सूप खाली ठेवले.

पुढले काम आनंदाचे. आधी लहान पट्टा, मग बूट, आणि मगच सांधा, हा क्रम चुकला की पुन्हा सारे उलगडावे लागते. म्हणून मिस्त्रींनी तो पुतण्याकडून तोंडाने म्हणवून घेतला. आसाच्या टोकावरील दाते नव्या रबराला कापू नयेत म्हणून त्यांवर चिकटपट्टी गुंडाळली. गोळ्यांच्या मधोमध ग्रीस बोटांनी चेपून भरले. उरलेले बुटाच्या पोटात घातले. नवी सर्क्लिप 'टक्' करून बसली. शेवटी मोठा पट्टा आवळण्यापूर्वी बुटाच्या ओठाखाली बोथट पेचकस घालून आत कोंडलेली हवा हलकेच बाहेर काढावयाची होती. बूट फुगलेला राहिला तर घड्या एकमेकींवर घासतात, चपटला तर ताणून फाटतो. ते पाहून वहिनी म्हणाल्या, "लहान मुलाला ढेकर काढायला लावतात तसं चाललंय तुमचं." मिस्त्री हसले व काम तसेच असल्याचे त्यांनी मान्य केले.

तिसरे प्रहरी चाक जमिनीला लागले. पुतण्याने हँडल डावीकडे, उजवीकडे पार टोकापर्यंत वळवून अंगणात चार फेऱ्या घातल्या; आम्ही सारे कान देऊन उभे. आवाज नव्हता. मिस्त्रींनी मजुरी घेण्याचे नाकारले, पण जाण्यापूर्वी ते पुन्हा गाडीखाली वाकले आणि राहिलेले सातही बूट त्यांनी एकेक करून घड्या फाकवून पाहिले. मागल्या उजव्या अंगाच्या बाहेरच्या बुटाच्या घडीत केसाएवढी चीर होती. अजून आरपार गेली नव्हती. त्यांनी तेथे खडूने खूण केली. पुतण्याने त्याच संध्याकाळी दुसऱ्या बुटाची मागणी मुंबईस पाठविली, आणि वहिनींनी मिस्त्रींच्या घरी शेवग्याच्या शेंगा धाडल्या.