मुंबईचे महापौर, राजकोटचे खासदार

आमच्या घरात मिनू मसानींचं नाव कौतुकाने घेतलेलं मला आठवत नाही. आजोबा पक्के समाजवादी. त्यांच्या लेखी स्वतंत्र पक्ष म्हणजे संस्थानिक आणि शेटजींचा मेळावा, आणि मसानी म्हणजे 'तिकडे गेलेला माणूस'. त्या 'तिकडे'मध्ये रागाइतकीच हळहळही असायची. कारण नाशिकच्या तुरुंगात जयप्रकाश, अच्युतराव पटवर्धन यांच्या चर्चांतून काँग्रेस समाजवादी पक्षाची कल्पना आकाराला आली, तेव्हा मसानीही तिथे होते. पुढे स्टालिनच्या रशियाने त्यांचा भ्रमनिरास केला, तो कायमचाच.

मला मात्र कुतूहल वाटतं ते त्यांच्या निवडणुकांचं. जन्म मुंबईचा, १९४३ साली मुंबईचे महापौर. पण लोकसभेत मुंबईहून ते कधीच गेले नाहीत. १९५७ साली निवडून आले ते रांची भागातून, अपक्ष म्हणून, जयपालसिंगांच्या झारखंड पक्षाच्या पाठिंब्यावर. एक पारशी बॅरिस्टर आदिवासी मुलखाचा खासदार! १९५९ मध्ये सहकारी शेतीच्या ठरावाला विरोध म्हणून राजाजींच्या नेतृत्वाखाली स्वतंत्र पक्ष निघाला, त्यात हे आघाडीवर. मग १९६३ च्या पोटनिवडणुकीत राजकोट. त्याच सुमारास कृपलानी आणि लोहियाही पोटनिवडणुका जिंकून आले आणि ऑगस्टमध्ये नेहरूंविरुद्ध पहिला अविश्वास ठराव आला. बाजूने ६२, विरोधात ३४७. पण चर्चा तर झाली!

आपलं म्हणावं असं गाव, जात, साखर कारखाना पाठीशी नसलेला माणूस पक्षाच्या हवेवर तरतो आणि हवेबरोबरच बुडतो, असं मला वाटतं. १९६७ ला स्वतंत्र पक्षाचे ४४ खासदार, लोकसभेतला सर्वात मोठा विरोधी पक्ष. १९७१ ला 'गरिबी हटाओ'च्या लाटेत उरले ८. राजकोटही गेलं. मसानींनी पक्षाचं अध्यक्षपद सोडलं.

त्यांना 'उजवे' म्हटलेलं आवडत नसे. ते स्वतःला उदारमतवादी म्हणवत, आणि त्यात तथ्य आहे. संविधान सभेत समान नागरी कायदा हवा म्हणून हंसाबेन मेहता आणि अमृत कौर यांच्याबरोबर वेगळी टिपणी देणारे हेच. सनातनी माणूस असं करेल का? अर्थात संस्थानिकांच्या पैशावर आणि मतांवर पक्ष चालला, हा आजोबांचा टोमणाही खोटा नव्हता.

असो. १९६७ मध्ये लोकलेखा समितीचं अध्यक्षपद प्रथमच विरोधकांकडे आलं, ते मसानींकडे. सरकारी खर्चाचा हिशेब विरोधकाने तपासायचा ही प्रथा तिथून रुळली. आणि आणीबाणीत त्यांच्या 'फ्रीडम फर्स्ट' या छोट्याशा मासिकातला मजकूर सेन्सॉरने अडवला, तेव्हा सत्तरीचा हा गृहस्थ मुंबई उच्च न्यायालयात गेला आणि जिंकला. निकाल १९७६ चा, आणीबाणी चालू असतानाचा. तेव्हा मसानी कुठल्याच मतदारसंघाचे खासदार नव्हते.