सातवी जागा

आमच्या घरात माणसे सहा आणि मोटारीत जागा पाच. हे गणित तिसरीतल्या मुलालाही सुटण्यासारखे आहे. पण आमच्या घरी ते अकरा वर्षे कोणी घातलेच नाही. कारण निघायच्या वेळी सहावे माणूस आपण होऊनच उंबऱ्यात थांबत असे. "तुम्ही जा रे. माझे गुडघे दुखतात, शिवाय मला गाडी लागते. मी घरीच बरी," असे आई म्हणे. मग आम्ही तिच्या गुडघ्यांची आस्थेने चौकशी करीत असू, आणि मनातल्या मनात हायसे वाटून गाडी सुरू करीत असू.

माझ्या लहानपणी हा प्रश्न नव्हता. काकांची एक फियाट होती, कुर्ल्याच्या कारखान्यातली. तिच्यातून आम्ही नऊ जण जेजुरीला जाऊन आल्याचे मला पक्के आठवते. त्या काळी "गाडीत किती माणसं बसतात?" या प्रश्नाचे उत्तर "किती आहेत?" असे असे. आता मागे बसणाऱ्यालाही पट्टा बांधावा लागतो, आणि पट्टा आला म्हणजे माणसे मोजणे आले. त्यातून चिरंजीव दहावीत गेले, त्यांचे पाय माझ्यापेक्षा लांब झाले. धाकटीचेही मांडीवर बसायचे वय सरले. तेव्हा २०२५ च्या गणपतीत मी जाहीर केले, की यंदा सात जणांची गाडी घ्यायची. अंदाजपत्रक सात लाखांचे : चार लाख गाठीचे, तीन लाख कर्जाचे.

घरात ताबडतोब दोन पक्ष पडले. वडील, म्हणजे आमचे नाना, पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेले. ते नव्या गाडीच्या बाजूचे. "वापरलेली गाडी म्हणजे दुसऱ्याच्या दुखण्याची फाईल आपल्या टेबलावर घेणं," हे त्यांचे मत. मेहुणे जुन्या गाडीच्या बाजूचे. त्यांनी विम्याचे कोष्टकच पुढे टाकले : गाडी सहा महिन्यांची झाली, की वर्षाखेरीपर्यंत किमतीतून १५ टक्के वजा, आणि पाचव्या वर्षात तर निम्मी. "ती निम्मी किंमत दुसऱ्याला सोसू द्या. तुम्ही मागाहून जा!"

मी पडलो बँकेतला माणूस; तेही लोकांना कर्ज देण्याच्या टेबलावरचा. मी कागद घेऊन बसलो. नव्या गाडीला मला ९ टक्के दर मिळत होता, जुन्या गाडीला १३. तीन लाखांवर, पाच वर्षांसाठी, नव्या गाडीचा हप्ता ६,२२७ रुपये, जुनीचा ६,८२६. म्हणजे महिन्याला सहाशे आणि पाच वर्षांत जवळजवळ छत्तीस हजार जास्त. जुन्या गाडीचा स्वस्तपणा पाहताना लोक हा आकडा विसरतात. मीही विसरलो असतो, पण रोज दुसऱ्याला समजावून सांगत असल्यामुळे नाइलाज होता.

आपल्याकडे कुटुंबाच्या मोठ्या गाडीची वंशावळ तशी फार जुनी नाही. १९८४ साली मारुतीची व्हॅन आली. पुढे तिचे नाव ओम्नी झाले. सकाळी शाळेची मुले, दुपारी भाजीपाला आणि रात्री हिंदी चित्रपटातली अपहरणे, असा संसार करीत ती २०१९ साली थांबली. १९९४ साली सुमो, २००० साली क्वालिस आणि २००५ साली तिच्या जागी इनोव्हा आली. ओम्नीसारख्याच सरकत्या दारांची ईको २०१० ची, एर्टिगा २०१२ ची, ट्रायबर २०१९ ची. नवी इनोव्हा आमच्या सात लाखांकडे ढुंकूनही पाहणार नव्हती. नवी एर्टिगाही हाताबाहेर. उरल्या ईको आणि ट्रायबर.

त्यात सरकारने एक लाडू ठेवला. २२ सप्टेंबर २०२५ रोजी, नेमक्या घटस्थापनेच्या दिवशी, जी. एस. टी. बदलला. चार मीटरांहून आखूड आणि १२०० घनसेंटिमीटरपर्यंतच्या पेट्रोल गाडीवरचा कर २८ टक्के आणि वर उपकर, यावरून सरळ १८ टक्क्यांवर आला. त्याहून लांब गाडीवर मात्र ४० टक्के. ट्रायबरची लांबी ३,९९० मिलिमीटर. म्हणजे दहा मिलिमीटरांनी ती नव्या करात बसली! नानांनी ही बातमी मला तीन वेळा वाचून दाखवली.

पण सात माणसे बसवली, की तिच्यात सामानाला जागा उरते ८४ लिटर. म्हणजे दिवाळीचा फराळ जाईल, पण फराळ खाणाऱ्यांचे कपडे जाणार नाहीत. मागची आसने काढून ठेवली तर तीच जागा ६२५ लिटर होते. मग कपडे जातील, पण दोन माणसे घरी! ईकोकडे पाहून चिरंजीव म्हणाले, "बाबा, ही तर शाळेची व्हॅन." दहावीतल्या मुलाला यापेक्षा मोठा अपमान माहीत नसतो.

तेव्हा मेहुण्यांच्या आग्रहावरून जुन्या गाड्या पाहायला लागलो. बरोबर आमच्या गल्लीतला मिस्त्री. त्या माणसाने मला पंधरा दिवसांत जे शिकवले, ते वाचकांच्याही उपयोगी पडेल.

पहिली गाडी २०१२ ची, एका दुकानात. दुकानदार म्हणाला, "डॉक्टरांची गाडी, साहेब. एकहाती. फक्त अठ्ठ्याहत्तर हजार चाललीय." मिस्त्रीने आकड्याकडे पाहिलेसुद्धा नाही. त्याने ब्रेकच्या पायट्याचे रबर पाहिले : गुळगुळीत. सुकाणूचे चाक पाहिले : चकाकलेले. मग तो दाराच्या काठावर उभा राहून छप्पर न्याहाळू लागला. तिथे चार ठिकाणी भोके बुजवल्याच्या खुणा होत्या. "साहेब, डॉक्टर टपावर सामान बांधतात का?" त्याने मला हळूच विचारले. शिवाय खाजगी गाडीची नोंदणी पंधरा वर्षांची; म्हणजे ही २०२७ पर्यंत. पुढे तपासणी, नूतनीकरण आणि पर्यावरण कर. आम्ही चहा न घेता उठलो.

दुसरी गाडी पाहताच मी प्रेमात पडलो. रंग झकास, आत अत्तराचा वास. मिस्त्रीला नेमका तो वासच खटकला. त्याने मागच्या आसनाचा पट्टा धरला आणि पार शेवटपर्यंत बाहेर ओढला. एरवी कोणी इतका ओढीत नाही. शेवटच्या वीतभर पट्ट्यावर मातीची सरळ रेघ होती. मग त्याने पायाखालचा गालिचा उचलला, तो खाली गंज. नोंदणीचा क्रमांक कोल्हापूरचा. २०१९ च्या ऑगस्टमधला तिथला महापूर आपण सर्वांनी पाहिला आहे. "ही पोहून आलीय," मिस्त्री म्हणाला. अशा गाडीचे इंजिन पुसता येते. पण विजेच्या तारा आतून कुजत राहतात आणि ऐन घाटात दगा देतात.

या दोन अनुभवांनंतर नानांचा पक्ष बहुमतात आला. दसऱ्याच्या आदल्या रविवारी आम्ही सहकुटुंब एका शोरूममध्ये गेलो. रिक्षा दोन केल्या, म्हणून आईही आली. "मला काय कळतंय त्यातलं?" असे म्हणत, पण नवी साडी नेसून.

विक्रेता तरुण आणि गोड बोलणारा होता. त्याने दारे उघडली, मधले आसन दुमडून दाखवले. नाना पुढे बसले, मुले मध्ये. सौभाग्यवती आरशाची तपासणी करू लागली. मी किमतीच्या कागदात डोके घातलेले. तेवढ्यात धाकटी ओरडली, "बाबा, आजी बघा!"

आई मधल्या फटीतून शेवटच्या रांगेत शिरायचा प्रयत्न करीत होती. एक पाय आत, एक बाहेर, हाताने आसनाची पाठ घट्ट धरलेली. गुडघा वाकेना, पुढे जाता येईना, मागे येता येईना. मी धावत गेलो. "अगं, तू तिकडे कशाला जातेस?"

ती ओशाळून हसली. म्हणाली, "माझी जागा शेवटचीच ना रे? म्हटलं, जमतंय का बघावं. जमलं तर तुम्हाला मला ठेवून जायला नको."

विक्रेत्याने नजर दुसरीकडे वळवली. मी आईला धरून बाहेर घेतले. त्या दिवशी गाडीविषयी आमच्यात पुढे काही बोलणे झाले नाही.

रात्री मला एकेक आठवू लागले. चिपळूणजवळ आईचे माहेर. तिचा एकुलता भाऊ तिथे राहतो. एस. टी.च्या पायऱ्या दोघांनाही चढवत नाहीत. भाड्याची गाडी काढतो म्हटले, की "कशाला तो खर्च?" गेली आठ वर्षे भाऊबीजेच्या संध्याकाळी आई गच्चीवर जाऊन चंद्राला ओवाळीत असे. धाकटीला ते गमतीचे वाटे. मला ती रीत वाटे. ज्या बाईचा भाऊ जिवंत आहे आणि एका दिवसाच्या वाटेवर आहे, तिने चंद्राला का ओवाळावे, हा प्रश्न मला एकदाही पडला नव्हता.

सकाळी उठलो तो सौभाग्यवती शिवणाची टेप घेऊन आईच्या खुर्चीपाशी बसलेली. स्वयंपाकघरातली ही लाकडी खुर्ची आईची लाडकी. तिच्यावरून ती हात न टेकता उठते. उंची भरली एकोणीस इंच. "आता गाडी या टेपनं घ्यायची," सौभाग्यवती म्हणाली. "जमिनीपासून बैठक एवढी हवी. जास्त असली तर त्यांना चढावं लागेल, कमी असली तर खाली पडल्यासारखं बसावं लागेल आणि उठताना कोणाला तरी ओढावं लागेल. तुमचे बाकीचे हिशेब त्यानंतर."

अकरा वर्षे कर्जाची कोष्टके मांडणाऱ्या मला हा हिशेब सुचला नव्हता! मग आम्ही टेप घेऊन हिंडलो. पुष्कळ विक्रेते हसले. कुठे चार इंच जास्त निघाली, कुठे तीन कमी. आणि शेवटी माप जुळले ते अनपेक्षित ठिकाणी. आमच्या बँकेतले एक गृहस्थ निवृत्त होऊन मुलाकडे नागपूरला निघाले होते. त्यांची २०१९ ची पेट्रोल एर्टिगा, चाललेली ४६ हजार, देखभालीची प्रत्येक पावती तारीखवार लावलेली. पुढच्या आसनाची उंची एकोणीस इंचांना दोरीभर कमी. आई बसली, आणि कोणाचाही हात न धरता उतरली.

मिस्त्रीने तरी सोडले नाही. भल्या सकाळी, गाडी सुरू व्हायच्या आत, तो बॉनेटवर हात ठेवून ती थंड असल्याची खात्री करून आला. कारण गरम इंजिन आपले दोष झाकते. सुरू करताना धुराचा रंग पाहिला. निळा असता तर तेल जळत होते असे समजायचे. टायरवर ४८१८ हा आकडा दाखवून म्हणाला, "अठरा सालचा अठ्ठेचाळिसावा आठवडा. गाडीबरोबरचेच टायर आहेत, बदलावे लागतील." त्यापायी वीस हजार कमी झाले आणि सौदा सहा लाख नव्वद हजारांना ठरला. पण सही करण्यापूर्वी आम्ही सहाही जण आणि मिस्त्री सातवा, असे बसून कात्रजचा जुना घाट चढून आलो. एकट्याने सपाट रस्त्यावर चालवली, की प्रत्येक गाडी चांगलीच असते. भरलेली गाडी चढावर काय म्हणते, ते ऐकावे. आमची गाडी कुरकुरली, पण चढली. नाना म्हणाले, "फाईल बरी दिसते."

मालकी बदलण्याचे २९ आणि ३० क्रमांकाचे नमुने भरले. विमा चौदा दिवसांत नावावर करून घेतला. विम्यातली दावा न केल्याबद्दलची सूट गाडीबरोबर येत नाही, ती जुन्या मालकाचीच राहते, हेही तेव्हा कळले.

२३ ऑक्टोबरला, भाऊबीजेच्या पहाटे, आम्ही निघालो. आई पुढे माझ्याशेजारी, नाना आणि सौभाग्यवती मध्ये धाकटीसह, आणि चिरंजीव मागे, पाय आडवे टाकून. सातारा, उंब्रज, पाटण, कोयनानगर, मग कुंभार्लीचा घाट. मी एक प्लॅस्टिकची पिशवी आणि लिंबू हाताशी ठेवले होते. घाटाच्या वळणावळणांवर मी आईकडे पाहत होतो. ती खिडकीतून झाडे दाखवीत होती, लहानपणच्या वाटा ओळखीत होती. घाट उतरला, तरी लिंबू तसेच. आईला गाडी लागली नाही. ती कधी लागतच नव्हती.

ओवाळणी झाली. मामा वयाने थकलेले, मामी गेल्यापासून एकटे. निघताना मी म्हटले, "मामा, चला की चार दिवस पुण्याला. एक जागा आहे."

"छे रे," मामा म्हणाले, "तुम्ही जा. माझे गुडघे दुखतात, शिवाय मला गाडी लागते. मी इथंच बरा."

आई पायरीवर उभी होती. तिने त्यांच्याकडे पाहिले आणि म्हणाली, "आपल्या घरात कोणाला गाडी लागत नाही, दादा. कपडे घे."

धाकटी उडी मारून मागे भावाशेजारी गेली. मामा दारालगतच्या जागेवर बसले. नारळांचे पोते काही बसेना. ते चिरंजीवांनी पायांखाली घेतले.